वाजवण्यासाठी जमवलेल्या तबकड्या

माझ्या कपाटात ग्रामोफोनच्या एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली मी विसाव्या वर्षी विकत घेतली आणि त्यानंतर शेकडो रात्री वाजवली. दिव्याखाली धरली की तिचा काळा रंग आता करडा दिसतो, आणि गाणे सुरू होण्याआधीच्या ज्या चिमुकल्या जागेत मी वर्षानुवर्षे ती बोटांनी मागे-पुढे फिरवून पहिला ठोका शोधत आलो, तिथे अखंड खरखर ऐकू येते. दुसरी प्रत मला पंधरा वर्षांनी एका जुन्या संग्रहात मिळाली. ती आजही आरशासारखी चकचकीत आहे आणि मी ती जेमतेम चार वेळा सुईखाली ठेवली आहे. तुमच्याकडची सर्वांत मोलाची तबकडी कोणती, असे कोणी विचारले की मी पहिलीकडे बोट दाखवतो. माझ्या ओळखीच्या बऱ्याच संग्राहकांना हे उत्तर पटत नाही, त्यांच्या मते जी कमी वाजली तीच प्रत अधिक मोलाची, आणि त्यांच्याशी वेळोवेळी झालेल्या वादांमुळेच हे सविस्तर लिहावेसे वाटले.

त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. तबकडी वाजवली की ती झिजते, हे खरेच आहे. घरी संथपणे ऐकणारा माणूस सुईवर साधारण दीड ते दोन ग्रॅम भार ठेवतो. डीजेला मात्र तबकडी हाताने थांबवायची, मागे ओढायची आणि पुन्हा सोडायची असते, त्यामुळे सुई खाचेतून उडू नये म्हणून तो तीन ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भार देतो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण हा सगळा भार हिऱ्याच्या अशा टोकावर येतो की ते टोक खाचेच्या भिंतींना ज्या ठिकाणी टेकते तो ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि म्हणून त्या ठिपक्यावरचा दाब प्रचंड असतो. शिवाय तबकडी उलट दिशेने फिरवली की सुई त्याच भिंतींवरून उलटी घासली जाते. गाण्याच्या आरंभी येणारी जी खरखर मी वर सांगितली, तिला आम्ही डीजे ‘क्यू बर्न’ म्हणतो. जुन्या तबकड्यांच्या बाजारात हा दोष समजला जातो आणि तो असला की तबकडीची प्रतवारी खाली येते. मला मात्र ती खरखर ऐकू आली की ही तबकडी कोणीतरी लोकांसमोर, लोकांसाठी वाजवली होती हे कळते, आणि ती हातात घ्यावीशी वाटते.

माझी सुरुवात तबकडीला हात न लावण्याच्या शिस्तीतूनच झाली. मामाकडे एक टर्नटेबल होते आणि त्याच्या खालच्या फळीवर शंभरएक एल.पी., म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, होत्या. मी दहा वर्षांचा असताना मामाने मला तबकडी कशी धरायची ते शिकवले: काठ तळहाताच्या बुंध्याशी, मधली बोटे लेबलखाली, आणि खाचांना कुठेही स्पर्श नाही. ती बाहेर काढताना कव्हर थोडे फुगवायचे, आतले पातळ पाकीट तबकडीसह सरकवून घ्यायचे, आणि परत ठेवताना पाकिटाचे तोंड वरच्या बाजूला करायचे, म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि तबकडी घरंगळून खाली पडत नाही. हे सारे मी इतक्या गंभीरपणे शिकलो की पुढे सोळाव्या वर्षी एका समारंभात एका डीजेला चालू तबकडीवर सरळ बोटे टेकवताना पाहिले, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. तबकडी थांबली, पण तिच्याखालचे ताट फिरतच राहिले. दोन्हींच्या मधे फेल्टची एक गुळगुळीत चकती होती आणि त्या चकतीमुळे तबकडी हाताच्या इच्छेप्रमाणे थांबत होती नि सुटत होती. त्याने बोटे उचलली आणि दुसरे गाणे पहिल्या गाण्याच्या ठेक्यात असे बेमालूम मिसळले की नाचणाऱ्यांपैकी कोणाचेही पाऊल चुकले नाही. त्या रात्री मला दोन गोष्टी एकदम कळल्या: तबकडीला हात लावता येतो, आणि तो लावण्याआधी ती पूर्ण माहीत असावी लागते. संग्रहाचे वेड मला तिथे लागले, आणि पहिल्या दिवसापासून ते वाजवण्याशी बांधलेले होते.

‘पूर्ण माहीत असणे’ म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगतो. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. गाण्याची गती मिनिटाला १०० ठोके असेल, तर एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके बसतात. गती १३३ च्या आसपास गेली की चार बसतात. हे गणित एकदा अंगात मुरले की लेबलवर चिकटवलेल्या एका बारीक खुणेकडे पाहून ठोका कुठे आहे ते सांगता येते, जसे घड्याळाच्या काट्याकडे पाहून वेळ सांगावी. ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तबकडीवर रंगखडूने खुणा करून नेमकी हीच पद्धत शास्त्रासारखी बसवली होती. पण खूण हा नुसता आधार असतो. खरी ओळख खाचा वाचण्यातून होते. तबकडी उजेडात तिरपी धरली की तिच्यावर फिक्या-गडद पट्ट्या दिसतात. संगीत जिथे भरगच्च आणि मोठ्या आवाजाचे असते तिथे खाचा अधिक वळवळतात आणि उजेड विखुरल्यामुळे तो भाग करडा दिसतो, तर जिथे वाद्ये थांबून एखादेच वाद्य उरते तिथे पृष्ठभाग अधिक काळा आणि शांत दिसतो. अनोळखी तबकडी हातात आली की मी आधी असा उजेड पाडून पाहतो. गाण्याच्या मध्यावर एखादी अरुंद काळसर पट्टी दिसली की तिथे बहुधा गायक आणि बाकीची वाद्ये गप्प होऊन तालवाद्ये एकटी वाजत असणार, असा अंदाज बांधतो, आणि सुई आधी तिथेच ठेवून पाहतो.

तालवाद्यांचा हा एकटा तुकडा, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, त्याच्या मागे लागूनच डीजेच्या संग्रहाला त्याचे वेगळे रूप आले. किंग्स्टनमध्ये जन्मलेले आणि लहानपणीच न्यूयॉर्कला गेलेले डीजे कूल हर्क यांनी 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्राँक्समधील 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात बहिणीने आयोजित केलेल्या समारंभात तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. नाचणारे ब्रेकची वाट पाहत उभे राहतात आणि तो आला की मैदानात उतरतात, हे हर्क यांनी हेरले होते. पण तो तुकडा काही सेकंदांत संपायचा. म्हणून ते एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवू लागले आणि एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करून तो हवा तेवढा लांबवू लागले. ज्या गोष्टीला शुद्ध संग्राहक अनावश्यक म्हणेल, ती दुसरी प्रत इथे वाद्याचा अर्धा भाग झाली. माझ्याकडे तीसेक तबकड्यांच्या दोन-दोन प्रती आहेत त्या याच कारणाने, आणि पाहुण्यांना त्याचे आश्चर्य वाटते तेव्हा मी त्यांना शब्दांत काही न सांगता दोन्ही लावून दाखवतो.

हर्क यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. आपण काय वाजवतो ते स्पर्धकांना कळू नये म्हणून ते तबकड्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत असत. इंग्लंडच्या उत्तर भागात ‘नॉर्दर्न सोल’च्या, म्हणजे दुर्मीळ अमेरिकी सोल गाण्यांवर नाचणाऱ्यांच्या, डीजेंनीही हेच वेगळ्या रीतीने केले, ते दुर्मीळ तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवून तिला गायकाचे आणि गाण्याचे खोटे नाव देत. शोधाशोधीत वर्षे घातलेल्या माणसाला आपला शोध राखून ठेवावासा वाटतो, हे मी समजू शकतो. पण मला ते कधी जमले नाही. कोणी मंचापाशी येऊन हे काय वाजते आहे असे विचारले की मी कव्हर त्याच्यासमोर धरतो, आणि वेळ असेल तर त्यावर तालवाद्यांवर कोण आहे तेही दाखवतो. ज्याला ते गाणे इतके आवडले की तो गर्दीतून वाट काढत विचारायला आला, त्याच्यापासून लपवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

लोकांना वाटते की तबकडी म्हणजे सर्वत्र एकच वस्तू. प्रत्यक्षात तिच्या आकाराने आणि गतीने संगीताचे स्वरूपच ठरवले आहे. लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर दहा इंचांत सुमारे तीन मिनिटे मावत. 1948 साली कोलंबिया कंपनीने बारीक खाचांची, व्हिनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. पुढच्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टरने मधे मोठे भोक असलेली, 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी बाजारात आणली. एल.पी. घरी बसून ऐकणाऱ्याची झाली आणि सात इंची तबकडी नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्रांची व रेडिओ केंद्रांची. नाचण्यासाठी मात्र दोन्ही अपुऱ्याच होत्या, कारण एल.पी.वर खाचा दाटीने असल्याने आवाज दबतो आणि सात इंचांवर गाणे रंगात येईपर्यंत संपते.

या अडचणीतून जी बारा इंची एकल, म्हणजे एकाच गाण्यासाठीची, तबकडी निघाली, तिच्याविषयी मी कितीही वेळ बोलू शकतो, कारण माझ्या संग्रहाचा दोन-तृतीयांश भाग तिचाच आहे. न्यूयॉर्कचे टॉम मोल्टन 1970 च्या दशकाच्या मध्यावर नाचाच्या गाण्यांची लांबवलेली रूपे तयार करत होते. एकदा चाचणीची तबकडी कापून घेताना त्यांच्या तंत्रज्ञाकडच्या सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या, म्हणून मोठी चकती वापरावी लागली. एवढ्या मोठ्या चकतीवर काठाशी दाटलेल्या थोड्याशा खाचा विचित्र दिसू लागल्या, तेव्हा त्या पसरून आणि आवाज वाढवून कापायचे ठरले, आणि ऐकल्यावर सगळेच थक्क झाले. 1976 साली सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची एकल तबकडी म्हणून सर्वांसाठी विक्रीला ठेवले आणि या आकाराचे युग सुरू झाले.

आवाज का वाढतो, याचे कारण साधे भूमितीचे आहे. खोल, खर्जातला नाद कापताना सुई बाजूंना फार मोठे हेलकावे घेते. तो जसाच्या तसा कापला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून तबकडी कापताना खर्ज कमी केला जातो आणि वरचे स्वर वाढवले जातात, आणि ऐकताना ॲम्प्लिफायरमधील विद्युतमंडल बरोबर याच्या उलट क्रिया करून मूळ तोल परत आणते. ही मापे 1950 च्या दशकात आर.आय.ए.ए. या अमेरिकी संघटनेच्या नावाने सर्वत्र एकसारखी झाली. एवढे करूनही जागा लागतेच. बारा इंचांवर एकच गाणे असेल तर खाचा मोकळ्या अंतराने कापता येतात, खर्जाला हेलकावे घ्यायला वाव मिळतो, आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांतून तो खर्ज पोटात जाणवतो. दुसरा मुद्दा वेगाचा. एल.पी.च्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, पण लेबलजवळ फेरा लहान झाल्यामुळे तेवढ्याच वेळात जेमतेम 21 सेंटिमीटर. कमी लांबीत तेवढेच तपशील कोंबल्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि झांजा कर्कश होतात. बारा इंचांवर गाणे काठाकडच्या चांगल्या जागेत आटोपते, आणि 45 फेऱ्यांवर कापले असेल तर आणखी उत्तम. एखादे गाणे एल.पी.वर, सात इंचांवर आणि बारा इंचांवर अशा तिन्ही रूपांत माझ्याकडे असते, ते एवढ्यासाठी. रूप बदलले की तो मला वेगळाच ऐवज वाटतो.

यंत्राबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. टेक्निक्सने 1970 मध्ये पट्ट्याऐवजी थेट मोटरने फिरणारे एस.पी.-10 हे टर्नटेबल आणले, 1972 मध्ये एस.एल.-1200, आणि 1979 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, जिच्यात उजव्या हाताशी गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करणारी सरकती पट्टी होती. या पट्टीमुळे १२० ठोक्यांचे गाणे ११० ते १२९ च्या दरम्यान कुठेही नेता येते. मात्र गतीबरोबर स्वरही सरकतो, आणि सहा टक्क्यांवर तो जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, त्यामुळे गायकाचा आवाज बदललेला कानाला लगेच कळतो. कंपनीने 2010 मध्ये उत्पादन थांबवले तेव्हा मी माझ्या दोन्ही यंत्रांसाठी सुटे भाग गोळा करून ठेवले होते. 2016 मध्ये ही मालिका पुन्हा सुरू झाली, पण ते भाग अजून खणात आहेत आणि त्यांतले दोन उपयोगीही पडले.

शोधाशोध हा माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. खोक्यांसमोर उभे राहून दोन बोटांनी कव्हरे पुढे ढकलत जाताना तासाभरात बोटांची टोके काळी होतात आणि पाठ भरून येते, तरी पुढचे खोके सोडवत नाही. मी गायकाच्या नावावरून फारसे शोधत नाही. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत दिलेली वादकांची नावे वाचतो. एखाद्या तबकडीवरचा बास गिटार मनात घर करून राहिला, तर त्या वादकाचे नाव ज्या दुसऱ्या कव्हरवर सापडेल ती तबकडी न ऐकताही घेतो, आणि त्या दुसरीवरच्या तालवादकामुळे तिसरीकडे पोहोचतो. या वाटेने मी अशा संगीतापर्यंत गेलो आहे की ज्याचे नावही मला कोणी सांगितले नसते. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे वाचायचीही सवय आहे. तिथे साच्याचा क्रमांक असतो, आणि कधी कापणाऱ्या तंत्रज्ञाची सही. जॉर्ज पेकहॅम या इंग्लिश तंत्रज्ञाने कापलेल्या तबकड्यांवर ‘पॉर्की’ हे त्यांचे टोपणनाव कोरलेले आढळते, आणि ते दिसले की आवाज भरदार असणार याची मला खात्री वाटते.

पण सर्वांत जास्त ओढ मला दुसऱ्या डीजेकडून आलेल्या तबकड्यांची आहे. कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला ठोक्यांचा आकडा, ज्या बाजूचे गाणे वाजवायचे तिच्यावर केलेली फुली, ‘आरंभ लांब’ किंवा ‘शेवट अचानक’ अशा अर्थाचे दोन शब्द, हे सारे मी कधीही खोडत नाही. एका तबकडीवर आधीच्या मालकाने लिहिलेला आकडा मी मोजलेल्या आकड्यापेक्षा सातत्याने दोनने अधिक निघाला. बराच विचार केल्यावर वाटले की त्याचे यंत्र थोडे वेगाने फिरत असावे, आणि मग त्याच्या हाताखाली ते गाणे कसे ऐकू येत असेल हे कळावे म्हणून मी पट्टी तेवढी वर सरकवून ते एकदा ऐकले. गाणे खरोखरच अधिक खुलले. तेव्हापासून मी ते त्याच्याच गतीने वाजवतो.

सांभाळण्याबाबत मी कडक आहे, आणि हे वरच्या म्हणण्याशी विसंगत नाही. जी वस्तू वापरून झिजणार आहे, ती निष्काळजीपणाने बिघडू देणे मला अक्षम्य वाटते. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, फार गच्च नाहीत आणि तिरप्या कलतील इतक्या सैलही नाहीत. आडव्या रचल्या की खालच्यांवर सगळे वजन येते, आणि कव्हरांसह शंभर एल.पी.चे वजन वीस किलोंच्या पुढे जाते. उष्णता हा सर्वांत मोठा शत्रू, कारण व्हिनाइल साठ-सत्तर अंशांपाशी मऊ पडू लागते. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही एका दुपारी कार्यक्रमाहून परतताना मी एक पेटी बंद मोटारीत मागच्या काचेखाली दोन तास ठेवली. उघडली तेव्हा कडेच्या अकरा तबकड्या पापडासारख्या वाकलेल्या होत्या. त्यांपैकी सात पुन्हा मिळवायला मला नऊ वर्षे लागली. दोन अजून मिळालेल्या नाहीत, आणि प्रत्येक नव्या खोक्यात माझे डोळे आधी त्या दोघींना शोधतात.

जुनी तबकडी घरी आली की आधी धुतो. ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे स्वच्छताद्रव, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, मग पाणी शोषून घेणारे यंत्र, आणि शेवटी नवे, स्थिर विद्युत न साठवणारे पाकीट. लाखेच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लागू देत नाही, कारण त्यात लाख विरघळते. धूळ खाचेत राहिली आणि वरून सुई गेली की तो कण भिंतीत कायमचा रुततो, म्हणून स्वच्छ तबकडी शंभर वेळा वाजवणे हे अस्वच्छ तबकडी थोड्या वेळा वाजवण्यापेक्षा मला सुरक्षित वाटते. सुईसुद्धा वेळेवर बदलतो. झिजलेल्या हिऱ्याला धार येते, आणि मग तो खाच वाचता वाचता ती कापत जातो.

संगणकावरून, किंवा सुई कुठे आहे ते संगणकाला कळवणारे फक्त कालसंकेत कोरलेल्या तबकड्यांच्या साहाय्याने हजारो गाणी हाताळता येतात, हे मला ठाऊक आहे. सेराटो या कंपनीची तशी प्रणाली 2004 पासून उपलब्ध आहे आणि मी काही कार्यक्रमांत ती वापरलीही आहे. त्या साधनाला मी नावे ठेवणार नाही, कारण माझ्याहून कितीतरी गुणी माणसे त्यावर अप्रतिम वाजवतात. पण माझा विचार मर्यादेतून चालतो. एका पेटीत सत्तर तबकड्या मावतात आणि त्या दोन्ही हातांनी उचलून न्याव्या लागतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला जमिनीवर बसून प्रत्येकीशी बोलल्यासारखे ठरवावे लागते की ही उद्या हवी का, आणि हवी असेल तर कोणाच्या शेजारी. मी पेटी अक्षरांच्या क्रमाने लावत नाही. मंद गतीपासून जलद गतीकडे लावतो, आणि मधे मधे अशा दोन-तीन तबकड्या ठेवतो की ज्यांनी वारा बदलता येतो. ऐन वेळी हवी असलेली तबकडी घरी राहिली आहे, हे बऱ्याच रात्री घडते, आणि अशाच रात्री पेटीतल्या एखाद्या दुर्लक्षित तबकडीला पहिल्यांदा उजेड मिळतो.

1970 च्या दशकातील गाण्यांमध्ये तालवादक हाडामांसाचा माणूस असतो, त्यामुळे गती किंचित पुढे-मागे होते. कडव्यात थोडी ओढून धरलेली, ध्रुवपदाशी थोडी सुटलेली. दोन अशी गाणी एकमेकांत मिसळताना हात पट्टीवरून काढता येत नाही. 1980 नंतर यंत्रावर तयार झालेला ताल आला आणि हे काम सोपे झाले. तरी मी जुनीच अधिक वाजवतो, कारण दीड मिनिट दोन तालवादकांना एकत्र धरून ठेवण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात सापडलेले नाही. त्यासाठी ते गाणे कुठे घाई करते हे हाताला पाठ असावे लागते, आणि ते पाठ होते ती प्रत तीच असते जी शंभरदा फिरली. कोऱ्या प्रतीवर माझा हात परका असतो.

तबकड्यांना अलीकडे पुन्हा चांगले दिवस आले आहेत. अमेरिकेत 2020 मध्ये त्यांच्या विक्रीचे उत्पन्न 1986 नंतर प्रथमच सीडींच्या पुढे गेले, आणि 2022 मध्ये विकल्या गेलेल्या नगांची संख्याही पुढे गेली. त्याच 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा, ज्यांवर मूळ खाचा कापतात त्या लॅकरच्या चकत्यांचा कारखाना जळाला आणि साऱ्या जगाला पुरवठा करणारे जवळजवळ एकच ठिकाण उरले, तेव्हा हा सारा डोलारा किती थोड्या हातांवर उभा आहे हे समजले. नव्याने जमवू लागलेल्या तरुणांचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांच्यापैकी काही जण तबकडीचे वेष्टनसुद्धा उघडत नाहीत, तेव्हा मात्र मी त्यांना माझ्याकडे बोलावतो, ती तबकडी बरोबर आणायला सांगतो, आणि वेष्टन त्यांनाच फोडू देतो. पहिल्या ठोक्याआधी सुई कोऱ्या खाचेत उतरतानाचा तो हलका आवाज ऐकताना त्यांचे चेहरे जसे होतात, तसा बहुधा मामाने माझा पाहिला असेल.

उद्या रात्री कार्यक्रम आहे. जमिनीवर अडुसष्ट तबकड्या रांगेत लावून झाल्या आहेत आणि दोघींची जागा शिल्लक आहे. कपाटातल्या त्या दोन प्रती मी आताच बाहेर काढून दिव्याखाली धरल्या. चकचकीत प्रत परत ठेवली. करडी धुऊन वाळत घातली आहे, सुईही नवी लावली आहे, आणि तिच्या कव्हरचा उसवलेला काठ चिकटवून झाला की ती एकोणसत्तरावी होईल. सत्तरावी अजून ठरलेली नाही.